खान्देशात राहून डाएटिशियन होताना: इंटर्नशिपचे सहा महिने कसे वापरावेत

जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून आहारतज्ज्ञाला जेवढं शिकवतात, तेवढं शिकवणारा मुलूख शोधून सापडणार नाही. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या आजाराचे रुग्ण आहेत. धुळ्याच्या बाजारपेठेत दिवसभर गादीवर बसून वजन वाढलेले व्यापारी आहेत, आणि धडगाव-मोलगीच्या पाड्यांवर दंडाच्या पट्टीत लाल रंग दाखवणारी, म्हणजे तीव्र कुपोषित मुलं आहेत. तरीही इथल्या मुली (हल्ली काही मुलंही) बीएस्सी झाल्यावर विचारतात, 'मॅडम, इंटर्नशिप मुंबईलाच करावी लागेल ना?' काही भाग मोठ्या शहरात करावाच. पण पूर्ण इंटर्नशिप तिकडे करून परत आलात, तर इथल्या माणसाला काय खायला सांगायचं हे तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागेल. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी शिक्षणाचा रस्ता

बारावीला विज्ञान, मग आहारशास्त्र किंवा गृहविज्ञानाची पदवी, त्यानंतर एमएस्सी किंवा डाएटेटिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा, हा सरळ मार्ग. मुंबईचं एसएनडीटी, नागपूरचं एलएडी महाविद्यालय आणि बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ या जुन्या, भरवशाच्या जागा आहेत. नंदुरबार-नवापूरकडच्या मुलींना ताप्ती लाइनने सुरतमार्गे बडोदं मुंबईपेक्षा सोयीचं पडतं, हे घरच्यांच्या लक्षात आणून द्या.

दोन-तीन महिन्यांच्या ऑनलाइन न्यूट्रिशन कोर्सचं प्रमाणपत्र भिंतीवर लावता येतं, पण त्याच्या जोरावर रुग्णालयात रुग्णाच्या केसपेपरवर आहार लिहिता येत नाही. इंडियन डायटेटिक असोसिएशनच्या नोंदणीकृत आहारतज्ज्ञ परीक्षेला, म्हणजे सगळे जिला आरडी म्हणतात तिला, मान्य पदव्युत्तर शिक्षण आणि रुग्णालयातल्या इंटर्नशिपचा दाखला लागतो. सहा महिने धरून चाला. २०२१ मध्ये संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि त्यात आहारतज्ज्ञांचाही समावेश आहे. त्यामुळे पुढच्या काळात कच्च्या पायावरचं शिक्षण महागात पडेल. कॉलेजला प्रवेश घेण्याआधीच विचारा: तुमचे विद्यार्थी आरडीला बसतात का, आणि इंटर्नशिप कुठे करतात?

अर्जाआधी महिनाभर घरच्या स्वयंपाकघरात

ही पायरी कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग हिचाच होतो. स्वयंपाकाचा एक डिजिटल वजनकाटा घ्या. आई भाकरी थापते तेव्हा परातीत किती पीठ घेतलं ते मोजा. शहरातल्या तक्त्यांत एक भाकरी म्हणजे ३० ग्रॅम पीठ असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे शेतावर जाणाऱ्या माणसाची भाकरी तेवढीशी नसते. पुढे रुग्ण 'दोन भाकरी' म्हणेल तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर खरा आकार उभा राहायला हवा.

मग कळण्याचं पीठ घ्या. तीन भाग ज्वारी आणि एक भाग सालीसकट उडीद असं दळण धरलं, तर १०० ग्रॅम पिठात प्रथिनं साधारण १३ ग्रॅम येतात. नुसत्या ज्वारीत ती १० ग्रॅमच्या आसपास असतात. शिवाय ज्वारीत ज्या लायसिनची (प्रथिनांतल्या एका आवश्यक घटकाची) कमतरता असते ती उडीद भरून काढतो. हा हिशेब हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या अन्नघटक तक्त्यांवरून स्वतः करा. त्या तक्त्यांत ५२८ पदार्थ आहेत, पण कळण्याची भाकरी, शेवभाजी, फुणके, डुबुकवडे किंवा बिबडे तयार स्वरूपात मिळणार नाहीत. ते तुम्हालाच घटक जोडून बसवावे लागतील. अशा वीस-पंचवीस खान्देशी पदार्थांची स्वतःची वही तयार करा. वॉर्डात ही वही रोज उघडाल.

तेल आणि मिठाचा हिशेब पदार्थावरून नीट जमत नाही, महिन्यावरून जमतो. चौघांच्या घरात महिन्याला पाच किलो तेल संपत असेल, तर माणशी रोज ४० ग्रॅमच्या वर गेलं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० किलोकॅलरीच्या ताटात तेल-तूप २७ ग्रॅम आहे. मिठाचंही तसंच. माणशी रोज ५ ग्रॅमची मर्यादा पाळली, तर चौघांना एक किलोची पिशवी ५० दिवस पुरायला हवी. तुमच्या घरी किती दिवस पुरते ते बघा. त्यात पापड, लोणचं आणि बाजारची शेव अजून धरलेलीच नाही.

जागा निवडणं आणि अर्ज

इंटर्नशिप सुरू होण्याच्या तीन-चार महिने आधी हालचाल करा. जागा बघताना इमारतीवर जाऊ नका, पुढच्या गोष्टी विचारा. आहारविभागात किती आहारतज्ज्ञ आहेत आणि त्यांतले नोंदणीकृत किती? इंटर्नला वॉर्डात रुग्णाशी बोलू देतात, की सहा महिने ट्रे मोजायला लावतात? डायलिसिस, अतिदक्षता, बालरोग आणि प्रसूती हे चारही विभाग फिरायला मिळतील का? आठवड्याला केस मांडायला लावतात का? दाखल्यावर विभागवार तारखा देतात का? विद्यावेतन फार थोड्या ठिकाणी मिळतं, काही रुग्णालयं उलट फी घेतात. त्यामुळे राहण्या-जेवणाचा खर्च आधीच घरी मोकळेपणाने बोलून घ्या.

माझा सल्ला असा: चार महिने मोठ्या बहुविभागी रुग्णालयात करा, मग ते मुंबईचं असो, पुण्याचं, नाशिकचं किंवा सुरतचं. उरलेले दोन महिने आपल्या तीन जिल्ह्यांत काढा. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगाव आणि नंदुरबारलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत. मात्र इथले दोन महिने आरडीसाठी धरले जावेत अशी इच्छा असेल, तर परीक्षेचे चालू नियम वाचून आणि कॉलेजकडून लेखी घेऊनच आखणी करा. नाही तर सहा महिने शहरात पूर्ण करून त्यावर हे दोन महिने जादा द्या. ते वाया जाणार नाहीत.

वैद्यकीय महाविद्यालयासाठी अर्ज अधिष्ठात्यांच्या नावे, जिल्हा रुग्णालयासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे, आणि अंगणवाडीचं काम बघायचं तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे करावा. सोबत कॉलेजचं पत्र, बोनाफाइड, गुणपत्रिका आणि हिपॅटायटिस-बीच्या लशीची नोंद जोडा. अर्ज टपालाने पाठवून घरी बसू नका. समक्ष जा, आवक क्रमांक घ्या, आठवड्याने पुन्हा जा.

पहिले तीन आठवडे: भटारखाना

बहुतेक इंटर्नना इथे कंटाळा येतो, आणि माझं म्हणणं आहे की नेमकं इथेच जीव ओतावा. साधा आहार, मऊ आहार, पातळ आहार, मधुमेही ताट, कमी मिठाचं ताट: हे शब्द केसपेपरवर लिहायला सोपे आहेत, पण एकाच पातेल्यातून सगळी ताटं कशी वेगळी निघतात ते स्वयंपाकी मावशींकडूनच कळतं. मिठाआधी वरण बाजूला कोण काढतं? फोडणी कधी पडते? ट्रेवरची चिठ्ठी आणि खाट क्रमांक कोण जुळवून बघतं? उरलेलं अन्न परत येतं ते बघा. कुठल्या वॉर्डातून काय टाकलं जातं हे आठवडाभर लिहिलंत, तर रुग्णांचं खाणं तुम्हाला त्यांच्या तोंडून ऐकण्याआधीच समजेल.

मावशी आणि काका अशी हाक मारा, वेळेआधी या आणि 'हे चुकीचं आहे' असं पहिल्या महिन्यात म्हणू नका. काही चुकलेलं दिसलं तर वरिष्ठ आहारतज्ज्ञांना एकट्यात सांगा.

वॉर्डात: माणूस खरं खाणं कधी सांगतो

चोवीस तासांत काय खाल्लं हे विचारणं पुस्तकात अर्ध्या पानाचं आहे. प्रत्यक्षात सहा महिन्यांतला सगळ्यात मोठा धडा हाच.

'काय खाता?' विचारलं की उत्तर येतं, 'काही नाही, साधंच.' म्हणून दिवसाची सुरुवात विचारा, पदार्थाची नको. 'बाबा, उठता किती वाजता? उठल्यावर पहिलं तोंडात काय जातं?' चहा म्हणाले की कप किती, साखर किती, सोबत टोस्ट की खारी? शेतात गेल्यावर कोणाकडे चहा होतो का? भाकरी कशाची, आणि आकाराने ताटाएवढी की ताटलीएवढी? भाजीचा रस्सा भाकरी कुस्करून खाता का? शेवभाजी आठवड्यातून कितीदा? रात्री झोपताना दूध घेता का? घरच्या वाट्या-चमच्यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. 'यातली कुठली वाटी?' विचारलं की अंदाज पक्का होतो. आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती शेजारी उभी असेल, तर तिला वेगळं विचारा. सून पाण्याचा तांब्या भरायला गेली की बाबा एक सांगतात, आणि सुनेकडून कळतं ते वेगळंच असतं.

अहिराणी येत असेल तर लपवू नका. 'भूक लागस का, माय?' एवढ्याने आजी मोकळी होते. ज्यांना सगळे आदराने जिभाऊ म्हणतात त्यांना जिभाऊच म्हणा. पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या बायकांसाठी आशाताईंना सोबत घ्या, आणि त्या भाषांतले निदान भूक, दूध, भाकरी, जुलाब हे शब्द आधी शिकून ठेवा.

नोंद करताना मोजमाप आधी: वजन, उंची, दंडाचा घेर, पायावर सूज. झोपून असलेल्या रुग्णाची उंची गुडघ्याच्या उंचीवरून किंवा हाताच्या पसाऱ्यावरून काढतात, ती पद्धत पहिल्या महिन्यातच हातात बसवा. मग रक्ताचे रिपोर्ट आणि औषधं. शेवटी पोषणाचं निदान एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ: 'मिठाचं सेवन जास्त, कारण रोज पापड, लोणचं आणि शेव, पुरावा म्हणजे आहाराची नोंद, पायाची सूज, रक्तदाब.' असं वाक्य जमलं की पुढचा सल्ला आपोआप ठरतो. जमलं नाही तर समजा की अजून रुग्णाला पुरतं विचारलेलं नाही.

सण आधी विचारा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस आणि खापरावरची पुरणपोळी घरात असणारच. इन्सुलिनवरच्या माणसाला 'खाऊ नका' एवढंच सांगितलंत, तर तो खाईल आणि तुम्हाला सांगणार नाही. त्या दिवशी भात-भाकरी वगळून एक पोळी, रस अर्धी वाटी आणि साखर न घालता, जेवणानंतर चालणं, दुसऱ्या दिवशी तपासणी, असं बोला. कानबाईचे रोट, श्रावणातले उपास, रमजानचे रोजे या सगळ्यांत औषधाच्या वेळा आणि डोस डॉक्टरच बदलतील. इंटर्नने त्यांना हात लावायचा नाही, पण उपास आहे ही बातमी डॉक्टरांपर्यंत पोचवायची.

डायलिसिस युनिट आणि केळीपट्टा

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच मळ्यांचे मालक डायलिसिसच्या खुर्चीवर भेटतात. एका मध्यम केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. डायलिसिसच्या रुग्णाला दिवसभराचं दोन ते अडीच हजार मिलिग्रॅमपर्यंत राखायला सांगितलं जातं, त्यात भाकरी, डाळ, भाजी, दूध सगळंच आलं. ज्यांच्या दारात घड लोंबतो आहे त्यांना हे आकडे तोंडावर फेकून चालत नाही. त्यांचा शेवटचा पोटॅशियमचा रिपोर्ट त्यांच्यासमोर धरा आणि मागच्या आठवड्याचं खाणं त्याच्याशेजारी मांडा. माणूस शेतकरी आहे, मातीच्या रिपोर्टवर पालाश, म्हणजे पोटॅशियमच, वाचतो, तर रक्तातला पोटॅशियमही त्याला समजतो.

भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी टाकायचं, ही युक्ती बटाट्याला, गिलक्याला चालते. भरताचं वांगं मात्र आपण आगीवर भाजतो, पाणी फेकलं जातच नाही, म्हणून पोटॅशियम आतच राहतं. त्यावर शेंगदाणे आणि खोबरंही पडतं. हिवाळ्यात भरीत-पार्टीला बोलावणं आलं तर वाटीभरावर थांबायचं आणि त्या दिवशी दुसरं पोटॅशियमवालं काही घ्यायचं नाही, एवढं स्पष्ट सांगावं.

अजून एक गोष्ट इंटर्नच्या डोक्यात घट्ट बसावी: डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिनं बेताची, रोज वजनाच्या किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम, डायलिसिस सुरू झाल्यावर ती वाढतात, १ ते १.२ ग्रॅम. जुनं 'डाळ बंद, अंडं बंद' हे पथ्य तसंच चालू ठेवणारे रुग्ण बघता बघता खंगतात. त्यांना हे समजावण्यासाठी वेळ काढा.

अतिदक्षता विभागात पहिले दिवस फक्त बघा. नळीतून द्यायचं अन्न किती वेळ उघडं राहिलं याची घड्याळाने नोंद ठेवा. भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात घरून डब्यात आलेलं मिश्रण तासाभरातही बिघडू शकतं. फार दिवस उपाशी राहिलेल्या रुग्णाला एकदम पूर्ण कॅलरी द्यायच्या नाहीत. फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासून, थायमिन देऊन सावकाश वाढवायच्या. हे का, ते वरिष्ठांना विचारून पाठ करा.

सातपुड्यात: पोषण पुनर्वसन केंद्र

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल, किंवा उंचीच्या मानाने वजन फारच कमी असेल, किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर ते तीव्र कुपोषित. भूक चांगली असेल आणि दुसरा आजार नसेल, तर गावातच ग्राम बाल विकास केंद्रात काम होतं. गुंतागुंत असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण दोन आठवडे.

सुरुवातीला एफ-७५ दूध, १०० मिलीत ७५ किलोकॅलरी, मुद्दाम कमी प्रथिनांचं. सहा किलोच्या मुलाला दर दोन तासांनी साधारण ६५ मिली, म्हणजे दिवसाला बारा वेळा. सूज फार असेल तर त्याहून कमी. मूल स्थिरावलं, भूक परतली की एफ-१००, म्हणजे १०० मिलीत १०० किलोकॅलरीचं दूध. रोज त्याच वेळी, त्याच काट्यावर, कपडे काढून वजन. किलोमागे रोज १० ग्रॅमपेक्षा जास्त वाढ झाली तर उत्तम, ५ च्या खाली गेली तर शोध घ्यायचा: दूध खरंच पोटात जातं का, जंतुसंसर्ग आहे का, बरोबरचं भावंड पीत नाही ना?

इथे एक रात्रपाळी मागून घ्या. रात्री दोनचं दूध चुकलं तर अशा मुलाची साखर उतरते, अंग थंड पडतं. दिवसाच्या नोंदी सगळ्या नीट असतात, रात्रीच्या रकान्यात एकाच पेनाने एका बैठकीत लिहिलेल्या खुणा दिसल्या तर सावध व्हा. दमून खाली झोपलेल्या आईला हलकेच उठवणं, वाटी-चमच्याने पाजणं, मूल किती प्यायलं ते उरलेलं दूध मोजून लिहिणं, हे सगळं स्वतः करा.

आई चौदा दिवस का थांबत नाही, हे तिच्यावर रागावण्याआधी समजून घ्या. घरी आणखी दोन मुलं आहेत, शेत आहे. बुडीत मजुरी मिळते, पण घरचं काम कोण करणार? दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं गुजरातेत मजुरीला, ऊसतोडीला जातात आणि होळीला परततात. त्यामुळे घरी सोडताना पुढच्या तपासणीची तारीख कागदावर लिहून भागत नाही. कुठे जाणार, कोणाबरोबर, तिथला फोन कोणाकडे, हे विचारून आशाताईंना द्या. आणि घरी शिजवायचा सल्ला त्यांच्या घरात आहे त्यातूनच द्या: मक्याची किंवा ज्वारीची भाकरी कुस्करून, डाळ, वर चमचाभर तेल, अंगणवाडीतून अमृत आहार योजनेत येणारं अंडं. पावडरचा डबा सुचवू नका.

या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. हिमोग्लोबिन कमी दिसलं म्हणून लगेच लोह वाढवा असं सांगू नका. सिकलसेलची तपासणी झाली का ते पाहा आणि डॉक्टरांशी बोला. निदान पक्कं असेल तर भरपूर पाणी, फॉलिक आम्ल चुकवू नये, तापात लगेच दवाखाना, एवढं तरी प्रत्येक आईच्या कानावर घाला.

वही, दाखला आणि परीक्षा

रोज संध्याकाळी एक केस पूर्ण लिहा. नाव नको, फक्त वय, लिंग, आजार, मोजमाप, निदानाचं वाक्य, सल्ला, आणि चार दिवसांनी काय झालं. हा शेवटचा रकाना बहुतेक वह्यांत कोरा असतो. तो भरला असेल तर मुलाखतीत तुमची वही उघडताच समोरच्याला फरक दिसतो. रुग्णाचे फोटो काढू नका, स्टेटसला तर मुळीच नकोत. कुठल्याही कंपनीचा प्रथिनांचा डबा इंटर्न असताना लिहून देऊ नका.

शेवटच्या आठवड्यात दाखला स्वतः तयार करून वाचून घ्या: पूर्ण तारखा, विभागवार कालावधी, खाटांची संख्या, मार्गदर्शक आहारतज्ज्ञांचं नाव, नोंदणी क्रमांक, सही आणि शिक्का. मागाहून फेऱ्या मारून हे मिळवणं फार त्रासाचं असतं. मूळ प्रत लॅमिनेट करू नका, चार साक्षांकित प्रती काढा. आरडीचा अभ्यास इंटर्नशिप संपायची वाट न बघता तिसऱ्या महिन्यापासून सुरू करा. ज्या वॉर्डात दिवस गेला त्याच विषयाची पानं त्या रात्री वाचली, तर ती पुन्हा फारशी वाचावी लागत नाहीत.